धुलाईयंत्र कपडे का पिळत नाही?

ज्वारीच्या शेतात मचाणावर उभा असलेला राखणदार गोफणीत दगड घालून ती डोक्याभोवती गरगर फिरवितो. गोफणीची दोन्ही टोके हातात असतात तोपर्यंत दगड वर्तुळातच फिरत राहतो. एक टोक सुटताच तो सरळ रेषेत निघून जातो. ओली छत्री दांड्याभोवती फिरविली असता तिच्या कडेवरून पाण्याचे थेंब उडतात, तेही याच नियमाने. कपडे धुण्याच्या यंत्रात अखेरीस जी पिळण्याची क्रिया होते आणि जिला व्यवहारात ‘स्पिन’ म्हणतात, ती या गोफणीचेच एक रूप होय.

धुलाईयंत्र ही आता शहरांतील असंख्य घरांत नित्याची वस्तू झाली आहे. त्याविषयीची एक तक्रार वारंवार ऐकू येते. यंत्र पाणी घेते, कपडे घुसळते. परंतु पिळण्याची वेळ आली की अडते. थोडे फिरून थांबते, पुन्हा प्रयत्न करते, आणि शेवटी कपडे पाणी गळत असतानाच बाहेर काढावे लागतात. अशा वेळी मोटर जळाली असावी, असा तर्क घाईने केला जातो. वस्तुतः पुष्कळदा यंत्राचा कोणताही भाग मोडलेला नसतो. वेगाने फिरू लागण्यापूर्वी ज्या अटी पुऱ्या व्हावयास हव्यात, त्यांपैकी एखादी अपुरी राहिलेली असते. या अटी कोणत्या, त्यांमागील शास्त्र काय आणि त्या तपासण्याचा योग्य क्रम कोणता, हे या पाठात पाहावयाचे आहे. उदाहरणासाठी बंगळूर शहर घेतले आहे. कारण तेथील पाण्याची स्थिती आणि या यंत्राची अडचण यांचा निकट संबंध आहे.

पिळण्याचे गणित

यंत्रातील ड्रम म्हणजे असंख्य छिद्रे असलेले एक पोलादी पिंप असते. ते फिरू लागले की कपडे त्याच्या भिंतीवर दाबले जातात. भिंत कपड्यांना आत ढकलून वर्तुळात फिरावयास भाग पाडते. या आत ढकलणाऱ्या प्रेरणेस केंद्रगामी प्रेरणा म्हणतात. कपड्यांतील पाण्याला मात्र छिद्रांपाशी अडविणारे काही नसते. म्हणून ते गोफणीतील दगडाप्रमाणे सरळ रेषेत बाहेर पडते. ड्रमबरोबर फिरणाऱ्या निरीक्षकाला हेच पाणी केंद्रापासून दूर लोटले जात आहे असे भासते. त्या दृष्टीने पाहिले असता तिला केंद्रोत्सारी प्रेरणा असे नाव देतात.

ही प्रेरणा किती मोठी असते ते पाहू. ड्रमची त्रिज्या २५ सेंटिमीटर आहे असे समजा. मिनिटास ६० फेरे, म्हणजे सेकंदास एक फेरा, या गतीने कडेवरील त्वरण सुमारे ९.८७ मीटर प्रति सेकंद वर्ग इतके येते. पृथ्वीचे गुरुत्वत्वरण ९.८ आहे, म्हणजे दोन्ही जवळजवळ समान झाली. याहून थोड्या कमी वेगाने फिरणाऱ्या आडव्या ड्रममध्ये कपडे वरपर्यंत जाऊन खाली आपटतात. धुणे होते ते या आपटण्याने. धोपटणीखाली कपडे आपटण्याचे काम येथे गुरुत्वाकर्षण करते.

आता वेग दहापट करू. केंद्रोत्सारी प्रेरणा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून मिनिटास ६०० फेऱ्यांना ती गुरुत्वाच्या शंभरपट होते आणि १२०० फेऱ्यांना चारशेपट. वेग निम्मा झाला तर मात्र पाणी काढण्याची शक्ती निम्मी राहत नाही. ती चौथाई होते. यंत्र फिरत तर आहे, तरी कपडे ओले का, या प्रश्नाचे उत्तर अनेकदा या वर्गाच्या नियमात सापडते.

हा नियम धुलाईयंत्रापुरताच मर्यादित नाही. स्वीडनमधील गुस्ताफ द लाव्हाल याने १८७८ साली दुधातील साय वेगळी काढणारे यंत्र याच तत्त्वावर तयार केले. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांत घट्ट पाकातून मळी बाहेर फेकून साखरेचे दाणे मागे ठेवण्याचे काम अशाच फिरत्या जाळीदार पिंपांत होते. बंगळूर येथील ‘इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन’ या भारतीय वायुसेनेच्या संस्थेत तर लांब भुजेच्या टोकाशी माणसालाच बसवून फिरविण्याची सोय आहे. लढाऊ विमान वेगाने वळताना वैमानिकाचे रक्त मस्तकाकडून पायांकडे लोटले जाते. ते सहन करण्याचा सराव तेथे दिला जातो. वैमानिकाला गुरुत्वाच्या आठ-नऊ पट भार झेलणेही अत्यंत कठीण जाते. घरातील ओला टॉवेल त्याच्या कितीतरी पट भार रोज सोसतो.

बंगळूरचे पाणी आणि पिळण्याचे महत्त्व

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर वसले आहे आणि त्याच्याजवळून मोठी नदी वाहत नाही. शहराला कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून, जवळजवळ ५०० मीटर उंची चढवून आणावे लागते. या योजनेचा पहिला टप्पा १९७४ साली पुरा झाला. पाचव्या टप्प्याचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. एक हजार लिटर पाणी ५०० मीटर उंच नेण्यास, पंपातील व नळातील नुकसान वगळूनही, १.३६ युनिट वीज लागते. म्हणजे तेथे नळातून पडणाऱ्या प्रत्येक बादलीबरोबर काही वीजही वाहून जात असते.

जेथे कावेरीचे पाणी पुरत नाही, तेथे विंधनविहिरींचे किंवा टँकरचे पाणी वापरले जाते. २०२४ च्या उन्हाळ्यात टंचाई इतकी वाढली की, पिण्याचे पाणी वाहने धुण्यासाठी व बागेसाठी वापरण्यास मार्च महिन्यात बंदी करण्यात आली आणि ती मोडणारास ५,००० रुपये दंड ठरविण्यात आला. अशा शहरात नीट न पिळणारे यंत्र ही केवळ गैरसोय राहत नाही. न पिळलेल्या कपड्यात साबणाचे पाणी अडकून राहते. ते काढण्यासाठी कपडे पुन्हा खळबळावे लागतात, आणि प्रत्येक खेपेस नवे पाणी खर्च होते. उलट, दोन खळबळण्यांच्या मध्ये कपडे चांगले पिळले गेले, तर थोड्या पाण्यात अधिक साबण निघून जातो.

याशिवाय विंधनविहिरीच्या पाण्याचा एक गुण लक्षात घ्यावयास हवा. बंगळूर ज्या अतिप्राचीन पट्टिताश्म खडकावर उभे आहे, तो खडक लालबागेतील टेकडीवर उघडा दिसतो. अशा खडकांच्या भेगांत मुरलेल्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळतात आणि पाणी दुष्फेन, म्हणजे साबणाचा फेस सहज न होणारे, बनते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार लिटरमागे २०० मिलिग्रॅम ही कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा असून, दुसरे पाणी उपलब्ध नसल्यास ६०० पर्यंत सवलत आहे. दुष्फेन पाण्यात साबणाचा विरघळत नाही असा चिकट साका तयार होतो. धुण्याच्या पावडरीतील सोड्यामुळेही चुनखडीसारखा गाळ पडतो. हा साका आणि कपड्यांचे तंतू मिळून यंत्राच्या अरुंद नळ्यांत थर साचतो. पुढे दिसून येईल की, पिळण्याची क्रिया अडविण्यात या थराचा वाटा मोठा असतो.

तपासणीपूर्वीची दक्षता

धुलाईयंत्रात पाणी आणि वीज एकत्र नांदतात. म्हणून कोणताही भाग उघडण्यापूर्वी प्लग भिंतीतून काढून ठेवावा. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. यंत्राला तीन पायांचा प्लग आणि खरी अर्थिंग जोडणी असलीच पाहिजे. प्लग काढल्यानंतरही मोटरच्या कपॅसिटरमध्ये काही काळ विद्युत्भार राहू शकतो; त्याच्या टोकांना हात लावू नये. १२०० फेऱ्यांच्या वेगाने फिरणाऱ्या वरील ड्रमची कड ताशी सुमारे ११३ किलोमीटर वेगाने धावत असते. तो पूर्ण थांबल्यावाचून आत हात घालणे म्हणजे हात गमावण्याचा धोका पत्करणे होय. लहान मुलांना फिरत्या यंत्रापासून दूर ठेवावे.

तपासणीचा क्रम बाहेरून आत आणि बिनखर्चाच्या कारणाकडून खर्चिक कारणाकडे असावा.

पहिली पायरी : भार आणि तोल

चादर, टॉवेल किंवा पायपुसणे यांचा एकच बोळा ड्रमच्या एका बाजूस जमला, तर काय होते ते पाहा. समजा, एका बाजूस अर्धा किलो वजन जास्त झाले. १२०० फेऱ्यांच्या वेगाने चारशेपट भार म्हणजे ते अर्धा किलो वजन दोनशे किलोच्या ओढीने ड्रमला बाहेर खेचू लागते. आणि ही ओढ सेकंदास वीस वेळा आपली दिशा बदलते. अशा धक्क्यांनी यंत्र जागचे सरकेल व बेअरिंग मोडेल. म्हणून आधुनिक यंत्रे प्रथम सावकाश फिरून तोल तपासतात आणि तोल नसल्यास वेग वाढविण्याचे नाकारतात. यंत्र वारंवार सुरू होऊन थांबते ते बहुधा यामुळेच.

यावर उपाय सोपा आहे. यंत्र थांबवून कपडे मोकळे करावेत आणि सर्व बाजूंनी सारखे पसरावेत. एकटाच जड कपडा असल्यास त्याच्या जोडीस एक-दोन टॉवेल घालावेत. उशीच्या खोळीत किंवा दुलईच्या अभ्र्यात शिरून बसलेले छोटे कपडे बाहेर काढावेत. रेनकोट किंवा रेक्झीनचे कापड मात्र पिळण्यास कधीही घालू नये. त्यातून पाणी बाहेर पडू शकत नाही, आणि अडकलेले पाणी एकदम सरकल्यास तोल अकस्मात बिघडतो.

कपडे सारखे पसरूनही धक्के बसत असल्यास यंत्राची बैठक पाहावी. चारही पाय जमिनीस टेकले पाहिजेत. वरच्या पृष्ठावर पाण्याने भरलेली उथळ ताटली ठेवली असता पातळी सहज कळते. यंत्र नवे असेल, तर वाहतुकीच्या वेळी ड्रम हलू नये म्हणून मागे लावलेले बोल्ट काढले आहेत की नाहीत, तेही पाहावे.

दुसरी पायरी : पाण्याचा निचरा

टबात पाणी शिल्लक असताना यंत्र वेगाने फिरत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून पाणी बाहेर जाते की नाही, हे पाहावे. निचऱ्याची नळी मुडपली असेल, ती फार उंच चढविली असेल किंवा तिचे टोक सांडपाण्यात बुडाले असेल, तर पाणी अडते. समोरून कपडे घालण्याच्या यंत्रात खालच्या कोपऱ्यात एक झाकण असते. त्यामागे पंपाची गाळणी असते. नाणी, बटणे, केसांच्या पिना आणि तंतूंचे बोळे तेथे सापडतात. झाकणाखाली परात ठेवून पाणी थंड असतानाच गाळणी उघडावी आणि महिन्यातून एकदा साफ करावी.

फेसही निचरा अडवितो. बंगळूरसारख्या शहरात एखाद्या घरी एके दिवशी विंधनविहिरीचे तर दुसऱ्या दिवशी कावेरीचे पाणी येते. दुष्फेन पाण्याची सवय झालेला हात पावडर अधिक घालतो. तेवढीच पावडर कावेरीच्या तुलनेने सुफेन पाण्यात पडली की टब फेसाने भरतो. फेस पंपाला ओढता येत नाही आणि ड्रमला रोध करतो. समोरून कपडे घालण्याच्या यंत्रात कमी फेसाचीच पावडर वापरावी आणि पाणी बदलले की तिचे प्रमाणही बदलावे.

निचरा पूर्ण होऊनही यंत्र अडले, तर पाण्याची पातळी ओळखणारा भाग पाहावयास हवा. टबाच्या तळाशी हवेची एक लहान कुपी असून तेथून एक बारीक नळी वर प्रेशर स्विचकडे जाते. टबात पाणी चढले की कुपीतील हवा दाबली जाते. त्या दाबावरून यंत्राला पाण्याची उंची कळते. पाणी गेले की दाब उतरावयास हवा. परंतु कुपीच्या तोंडाशी साबणाचा साका बसला असेल, तर दाबलेली हवा आतच कोंडून राहते. टब रिकामा असूनही यंत्राला तो भरलेला वाटतो. अशा वेळी नळी स्विचपासून सोडवून कुपी व नळी कोमट पाण्याने साफ करावी. नळी स्विचला जोडलेली असताना तीत जोराने फुंकू नये. आतील नाजूक पडदा फाटतो.

तिसरी पायरी : दार, झाकण आणि ब्रेक

दाराचे कुलूप लागल्याची खूण मिळाल्यावाचून यंत्र वेग घेत नाही. दारात कपडा अडकला आहे काय, कडी झिजली आहे काय, हे पाहावे. दोन टबांच्या अर्धस्वयंचलित यंत्रात झाकण उचलताच वीज तुटते आणि ब्रेक लागतो. ब्रेक ओढणारी तार सैल झाली, तर झाकण बंद असतानाही ब्रेक घासत राहतो आणि टब जड फिरतो. रुमाल किंवा पायमोजा पिळण्याच्या टबाच्या खाली घसरून आसाभोवती गुंडाळला गेला, तरी हेच घडते. हे कुलूप किंवा स्विच तारेने बांधून कायमचे ‘चालू’ करून ठेवणे हा दुरुस्तीचा मार्ग नव्हे. ते ज्या हातांचे रक्षण करीत असते, ते हात घरातल्याच माणसांचे असतात.

चौथी पायरी : पट्टा, मोटर आणि बेअरिंग

येथपर्यंतच्या पायऱ्या घरच्या घरी करता येतात. यापुढील काम जाणत्या कारागिराचे आहे. तथापि लक्षणे ओळखता आल्यास त्याला नेमके सांगता येते आणि अनावश्यक खर्च टळतो.

मोटर फिरल्याचा आवाज येतो पण ड्रम मंद फिरतो, आणि रबर जळल्याचा वास येतो, अशा वेळी पट्टा सैल किंवा गुळगुळीत झालेला असतो. पट्टा ही स्वस्त वस्तू आहे. वरून कपडे घालण्याच्या अनेक स्वयंचलित यंत्रांत निचऱ्याची झडप उघडणारी छोटी मोटरच क्लचही सरकविते. म्हणून ती बिघडली की निचरा आणि पिळणे ही दोन्ही कामे एकदम बंद पडतात.

अर्धस्वयंचलित यंत्राची मोटर नुसती गुणगुणते पण फिरत नाही, तेव्हा प्रथम संशय कपॅसिटरवर घ्यावा. घरातील एकफेजी विजेवर चालणारी ही मोटर स्वतःच्या बळावर फिरू लागू शकत नाही. कपॅसिटर तिच्या दुसऱ्या वेटोळ्यातील प्रवाहाची वेळ पुढेमागे करून तिला पहिला धक्का देतो. नवा कपॅसिटर जुन्यावर छापलेल्याच मायक्रोफॅरड क्षमतेचा आणि किमान तेवढ्याच व्होल्टेजचा असावा. घरातील विजेचा दाब कमी असला, तरी अशी मोटर अडखळते. तिचे पीळबल दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले, तर ते सुमारे ६१ टक्केच उरते. काही यंत्रांच्या मोटरीत कार्बन ब्रश असतात. ते झिजून आखूड झाले की मोटर थांबत थांबत चालते. तेही बदलता येतात.

पिळताना विमान उडत असल्यासारखी घरघर होत असेल आणि थांबलेला ड्रम हाताने वर-खाली हलत असेल, तर बेअरिंग झिजले आहे. आसाभोवतीचे रबरी सील फाटून पाणी बेअरिंगात शिरते व ते गंजते. ही दुरुस्ती खर्चिक असते. तिला उशीर केल्यास आसही खराब होतो.

तराजूची कसोटी

यंत्र नीट पिळते की नाही, हे केवळ हाताला लागणाऱ्या ओलाव्यावरून ठरवू नये. स्वयंपाकघरातील तराजू येथे उपयोगी पडतो. एक सुती टॉवेल कोरडा असताना तोलावा. मग तो इतर कपड्यांबरोबर धुऊन व पिळून पुन्हा तोलावा. कोरडे वजन ५०० ग्रॅम आणि पिळल्यानंतरचे ८५० ग्रॅम आले, तर त्यात ३५० ग्रॅम, म्हणजे कोरड्या वजनाच्या ७० टक्के, पाणी उरले. समोरून कपडे घालण्याच्या आणि मिनिटास ८०० ते १२०० फेरे घेणाऱ्या सुस्थितीतील यंत्रात हे प्रमाण साधारणतः ५० ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान असते. तोच टॉवेल हाताने पिळून तोलला, तर शाळेतील विद्यार्थ्यांना हाताचे पिळणे आणि यंत्राचे पिळणे यांतील फरक प्रत्यक्ष पाहता येईल. दर दोन-तीन महिन्यांनी असे वजन करून भिंतीवरील दिनदर्शिकेत लिहून ठेवल्यास, बिघाड पूर्ण होण्याच्या आधीच त्याची चाहूल लागते.

एक नमुना

बंगळूरच्या एखाद्या गृहसंकुलात विंधनविहिरीच्या पाण्यावर चार वर्षे चाललेले यंत्र पिळावयाचे थांबले आहे, असे समजा. टब रिकामा दिसतो, पंपाचा आवाज येतो, दार बंद आहे. नवी मोटर किंवा नियंत्रणाची नवी पाटी बसवावी, असा सल्ला मिळतो. घरातील माणसे क्रम धरून पाहतात. कपडे काढून रिकामे यंत्र पिळण्यास लावले, तरी ते अडते. म्हणजे दोष तोलाचा नाही. हाताने ड्रम हलका फिरतो. म्हणजे बेअरिंग व पट्टा यांवर प्रथम संशय घेण्याचे कारण नाही. पंप चालूच राहतो. म्हणजे टबात पाणी आहे अशी यंत्राची समजूत आहे. ही एकच खूण हवेच्या कुपीकडे बोट दाखविते. कारागिराकडून नळी सोडविली असता तिच्या तोंडाशी करडा, चिकट साका निघतो. तो धुऊन काढताच यंत्र पूर्ववत फिरू लागते.

या उदाहरणात मोटर बदलली असती, तर पैसे खर्च झाले असते आणि यंत्र तरीही अडलेलेच राहिले असते. प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारणे, त्याचे उत्तर मिळाल्यावाचून पुढे न जाणे, आणि अधिक संभाव्य व कमी खर्चाचे कारण आधी तपासणे, ही प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञाची रीत होय. ती वापरण्यास प्रयोगशाळा लागत नाही. कपडे धुण्याच्या कोपऱ्यात एक परात, एक तराजू आणि थोडा धीर एवढ्या साहित्यावरही ती शिकता येते. आणि जेथे पाणी शंभर किलोमीटरवरून चढवून आणावे लागते, तेथे तिच्यामुळे वाचलेली प्रत्येक बादली मोलाची ठरते.